जेलच्या दारातही सातबाराच मागतात

संक्रांतीनंतरच्या बैठकीत आपला एक भाऊ उशिरा आला अन् मागं भिंतीला टेकून बसला. सात महिने तो जेलात होता. बैठक तेंदूच्या दरावर चालली होती, तो काही बोलला नाही. उठायच्या वेळी कुणीतरी त्याला विचारलं, "सुप्रीम कोर्टानं कैद्याले मजुरी द्या म्हणून सांगतलं, पेपरात आलं होतं. तुले किती भेटली?" तो हसला. म्हणाला, "मले काय भेटते? मले तं कामच नाही देल्लं. सात महिने बसून होतो. बसून बसून पाय आखडले."

बैठकीतले अर्धे लोक चकरावले. जेल म्हणजे चक्की पिसणं, खडी फोडणं, अशीच आपल्या सगळ्यांची समजूत. जेलात नेऊन माणसाला नुसतं बसवून ठेवतात हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, "मंग घरीच काहून नाही बसू देल्लं त्याले?" तिच्या या प्रश्नाला बैठकीत कुणाजवळ उत्तर नव्हतं. म्हणून तेंदूवर लिहायचं ठरलेलं संपादकीय बाजूला ठेवलं आहे, तेंदूचा मजकूर आतल्या पानावर आहे. हे पान जेलवर. दरवेळी सांगतो तेच पुन्हा: ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं, अन् यावेळी बायांना आवर्जून.

आधी पेपरातली बातमी. २४ सप्टेंबर १९९८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. कोर्टापुढं प्रश्न असा होता की सक्तमजुरीच्या कैद्याकडून सरकार दिवसभर काम करून घेतं अन् हातावर नावापुरते पैसे ठेवतं, तर ही वेठ नाही का? वेठबिगारीला राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं बंदी आहे. वेठ म्हणजे काय हे वनग्रामातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जंगलखात्यानं आपली गावं वसवलीच मुळी कामाला हाताशी माणूस पाहिजे म्हणून. रस्ता करा, आग विझवा, कूप तोडा, त्या बदल्यात वावर पेरा, पण वावराचा कागद मागू नका. तर कोर्टानं असं सांगितलं: ज्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली त्याच्याकडून, त्याची मर्जी असो नसो, काम करून घेणं बेकायदा नाही. पण त्या कामाचा न्याय्य मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. तो किती, हे ठरवायला प्रत्येक राज्यानं मंडळ नेमावं. अन् त्या मजुरीतला काही हिस्सा, ज्याच्यावर गुन्हा घडला त्या माणसाला किंवा त्याच्या घराला भरपाई म्हणून देता यावा, यासाठी कायदा करावा.

हे शेवटचं आम्हाला पटलं. खून झालेल्या घरची बाई कोर्टाची पायरी एकदा साक्षीला चढते, त्यानंतर तिला कुणी विचारत नाही. आत कैदी काम करेल, त्यातून त्याच्याही लेकरांना पैसा जाईल अन् तिच्याही, यात वावगं काही नाही. मात्र हे झालं निकालातलं. तो जेलच्या फाटकापर्यंत पोचतो का, ते पाहायचं आहे.

कामाचे तासही कायद्यात आहेत. जेलचा मूळ कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यातसुद्धा लिहिलं आहे की एरवी कैद्याकडून दिवसाला नऊ तासांच्या वर काम घेऊ नये. मोठ्या जेलांत विणकाम, सुतारकाम, शिवणकाम, शेती असं काम असतं. काम करणाऱ्या पक्क्या कैद्याला मजुरी मिळते, वागणूक नीट असली तर शिक्षेतले दिवस माफ होतात. वर्षभर शिक्षा भोगली की दोन आठवड्यांची फर्लो मागता येत असे, १९५९ च्या नियमांत ती होती. म्हणजे ज्याला शिक्षा झाली त्याच्यासाठी काही ना काही दार आहे.

पण आपली माणसं पक्के कैदी नाहीत. ती कच्चे कैदी. गुन्हा शाबीत नाही, शिक्षा नाही, म्हणून सक्तमजुरी नाही, म्हणून मजुरीही नाही. शिक्षा नाही म्हणून शिक्षेतली माफी नाही, फर्लो नाही. खटला कधी उभा राहील ते माहीत नाही. सुधारणेचे जेवढे म्हणून नियम आहेत ते शिक्षा झाल्यापासून सुरू होतात. आपला माणूस त्याच्या अलीकडंच अडकून पडलेला असतो. निकालात एक वाक्य मात्र कच्च्या कैद्याच्या कामाचं आहे: ज्याच्यावर कामाची सक्ती नाही त्यानं स्वतः मागितलं तर त्याला काम देता येतं. आमच्या भावाला हे कुणी सांगितलंच नाही. त्याला वाटलं, काम मागितलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

आता तो आत गेला कसा ते सांगतो. त्याच्या घराचं आढं मोडलं होतं. पावसाच्या तोंडावर त्यानं सागाच्या दोन बल्ल्या आणल्या. त्याच्या आजाच्या वेळी ही निस्ताराची गोष्ट होती. निस्तारपत्रकात गावाचा लाकूडफाट्याचा, चराईचा हक्क लिहिलेला असे, अजूनही कागदावर तो पुसलेला नाही. नाकेदारानं पीओआर फाडला. त्यावर बाचाबाची झाली, ती झाली नसती तर बरं झालं असतं हे तोही मानतो. १९२७ च्या जंगल कायद्याच्या ६५ व्या कलमानं रेंजरलाच बंधपत्र लिहून घेऊन माणसाला सोडायचा अधिकार दिला आहे. ते झालं नाही. वरून चोरीचं ३७९ कलम लागलं, ते बिनजामिनाचं. बिनजामिनाचं म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, तो द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. अन् कोर्टानं दिला! पंधराव्या दिवशी जामीन मंजूर झाला. पाच हजारांचा जातमुचलका अन् तेवढ्याच रकमेचा एक ऐपतदार जामीनदार.

सात महिन्यांतले साडेसहा महिने तो जामीन मंजूर होऊन आत होता.

कारण जामीनदाराकडं सातबारा मागतात. त्याच्या बायकोनं सगळ्या गोतावळ्यात पाय झिजवले. भावाची जबरानजोत, मेव्हण्याची जबरानजोत, सासऱ्याचं वावर वनग्रामातलं. पेरतात सगळे, तीस-तीस वर्षं पेरतात, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचंच नाही. कोर्टाच्या आवारात एक जण भेटला, म्हणाला दोन हजार दे, सातबारावाला उभा करतो. बाईनं एक बकरी अन् पायातल्या तोरड्या विकल्या. तो पैसे घेऊन गेला तो गेलाच. शेवटी आपल्याच संघटनेतला एक सातबारावाला शेतकरी उभा राहिला. तो आधीच का उभा राहिला नाही? कारण त्याला कुणी विचारलंच नाही. बाई लाजेनं संघटनेकडं आली नव्हती, अन् आम्हीही तिच्या दारी गेलो नव्हतो. ही चूक आमची आहे, ती दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

पंचवीस वर्षं आपण जमिनीच्या पट्ट्यासाठी मोर्चे काढतो. पट्टा कशाला पाहिजे, तर सोसायटीचं कर्ज मिळावं, विहीर मिळावी, फॉरेष्टवाल्यांनी उठवू नये. त्यात आता हेही धरा: पट्टा नाही म्हणून आपला माणूस जेलातून सुटत नाही. एकाच गुन्ह्यात दोघे धरले, एकाच्या बापाच्या नावावर पाच एकर अन् दुसऱ्याची जबरानजोत, तर पहिला आठवड्यात घरी अन् दुसरा पुढच्या पेरणीपर्यंत आत. गुन्हा दोघांचा तोच, फरक फक्त तलाठ्याच्या दप्तरातला.

सुप्रीम कोर्टाला हे ठाऊक आहे. १९७८ साली मध्यप्रदेशातल्या एका गवंड्याचा खटला तिथं गेला होता. खालच्या कोर्टानं त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, अन् भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन घेतला नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात खालच्या कोर्टाचे कान उपटले. गरिबाला त्याच्या ऐपतीबाहेरचा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच झालं, असा त्याचा अर्थ. माणसाची मुळं गावात आहेत, बायको-लेकरं आहेत, तो पळून जाणार नाही, असं दिसलं तर त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडावं. पुढच्याच वर्षी, १९७९ ला, बिहारच्या जेलांतले कच्चे कैदी उजेडात आले. ज्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकते त्याच्याहून जास्त दिवस काही जण नुसते खटल्याची वाट पाहत बसले होते. कोर्टानं सांगितलं की खटला लवकर चालणं हा माणसाचा हक्क आहे. याला कित्येक वर्षं झाली. आपल्याकडं अजून वकीलसाहेब विचारतात, "सातबारा आणला का?"

आपल्या या भागात आत जायच्या वाटा तरी किती! कुणी बल्लीत जातो, कुणी जंगलात आग लागली की नाव घेतलं जातं म्हणून जातो. बोरच्या बाजूच्या गावांत १९७० पासून अभयारण्य आहे, तिथं वन्यजीव कायदा लागतो अन् तो जास्त कडक. अन् आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळं मोहाची दारू गाळली की केस. इथं गैरसमज नको. दारूच्या बाजूनं आम्ही नाही. गावोगावच्या बायांनी भट्ट्या फोडल्या तेव्हा संघटना त्यांच्यासोबत होती, उद्याही राहील. पण पाच लिटरच्या डबकीसाठी विधवा बाई आत जाते अन् जीपनं पेट्या उतरवणारा बाहेर फिरतो, हे सगळ्यांना दिसतं. बाई आत गेली की तान्हं लेकरू तिच्यासोबत आत जातं, बाकीची लेकरं शेजाऱ्यांच्या दारी जेवतात.

वर्धा जिल्ह्याला जेलची ओळख तशी जुनीच आहे. पवनारचे विनोबा १९३२ ला धुळ्याच्या जेलात होते, तिथं त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली अन् साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आष्टीची माणसं १९४२ च्या ऑगस्टात ठाण्यावर गेली, गोळ्या खाल्ल्या, जेल भोगली. अन् शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, १० जुलै १९३० ला लोकनायक अण्यांनी सरकारी जंगलातलं गवत कापलं, ते जेलात गेले. त्यांच्या मागून शेकडो लोक विळे-कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरले. गवत सरकारचं, कापलं जाहीरपणे, कायदा जंगलाचा. पुस्तकात त्याला जंगल सत्याग्रह म्हणतात अन् शाळेत आपल्या लेकरांना तो शिकवतात. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राची पेन्शन सुरू झाली, ती योग्यच झाली. आमचं म्हणणं एवढंच की तेच गवत, तेच लाकूड, अन् कायदाही तोच १९२७ चा, मग आमच्या भावाच्या नावापुढं चोर का लागतो?

सेवाग्रामच्या बापूंनी शेवटच्या वर्षात म्हटलं होतं की गुन्हेगार हा आजारी समजावा अन् जेल हा दवाखाना व्हावा. हे काही नुसतं बोलणं नव्हतं. औंध संस्थानात १९३९ ला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. जेलातले कैदी तिथं भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहत, शेती करत, बायको-लेकरांना सोबत ठेवत. संस्थानं गेली तरी ती वसाहत आजही चालू आहे, सांगली जिल्ह्यात. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच निघाला. सुटल्यावर माणूस परत माणसांत बसला पाहिजे, त्याला अंगमेहनत अन् जमीन मिळाली की तो बसतो, हे तिथं तेव्हाच दिसलं. अशा खुल्या जेलात मात्र शिक्षा झालेला, अन् चांगल्या वागणुकीचा कैदी निवडून पाठवतात. कच्च्या कैद्याला तिथं जागा नाही.

सुधारणा या शब्दाची दुसरी बाजूही विसरू नये. आपल्या शेजारच्या पारधी बेड्यावर जाऊन म्हाताऱ्यांना विचारा. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना सुधारायचं म्हणून सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आत वस्त्या केल्या, हजेरी लावली, कामाला जुंपलं. त्यालाही ते सुधारणाच म्हणत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून बेड्यावरच जाते. अन् गाडीला बेड्याची वाट दाखवणारे हात काही वेळा आपल्याच गोंड-कोलामांच्या गावातले असतात. हे लिहावं की नाही यावर आमच्यात दोन तास वाद झाला, शेवटी लिहायचं ठरलं.

आता देखरेखीचं. भिंतीच्या आत काय चालतं हे पाहायला सरकारनं माणसं नेमलेली आहेत. जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, सिव्हिल सर्जन यांनी जेलला भेट द्यायची असते. त्याशिवाय गावातली, शहरातली प्रतिष्ठित माणसं अशासकीय अभ्यागत म्हणून नेमता येतात. त्यांनी आत जावं, कैद्यांशी बोलावं, जेवण पाहावं, वहीत शेरा लिहावा. आमच्या भावाला विचारलं, सात महिन्यांत असं कुणी तुझ्याशी बोललं का? म्हणाला, "एकदा पांढरे कपडेवाले आले होते. आम्हाले ओळीनं बसवलं. काही तक्रार हाय का म्हणे. सायेब बाजूलेच उभे होते. कोण बोलन?" मात्र एका शिपायाचं तो चांगलं सांगतो. त्यानंच रात्रपाळीला याच्या घरी कार्ड लिहून दिलं होतं. जेलचा शिपाईही कुणाचा तरी मुलगा, दूर बदली झालेला, अपुऱ्या माणसांत ड्यूटी करणारा. तेही ध्यानात ठेवावं.

पांढऱ्या कपड्यांपेक्षा पोस्टकार्डानं जास्त काम झालेलं आहे. दिल्लीच्या तिहार जेलात एका कैद्याला शिपायानं छळलं. तिथल्याच दुसऱ्या कैद्यानं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाला चिठ्ठी लिहिली अन् कोर्टानं त्या चिठ्ठीचीच याचिका केली. त्या निकालात आहे की जेलात तक्रारपेटी असावी, ती न्यायाधीश अन् जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाखाली उघडली जावी, अन् न्यायाधीशांनी जेलला भेटी द्याव्यात. आपल्या महाराष्ट्रात शीला बर्से या पत्रकार बाईंनी मुंबईच्या कोठड्यांतल्या बायांना कसं वागवतात ते पत्रानं कळवलं. १९८३ ला निकाल झाला: बायांची कोठडी वेगळी, पहारा बाईचा, धरल्याबरोबर मोफत वकिलाची माहिती. न्यायमूर्ती मुल्लांच्या समितीनं त्याच वर्षी देशभरच्या जेलांवर मोठा अहवाल दिला, त्यातलं पुष्कळ कपाटात राहिलं. १९९३ पासून मानवी हक्क आयोग आहे, त्यालाही साध्या कागदावर तक्रार चालते, फी नाही.

अन् १९९६ च्या डिसेंबरातला सुप्रीम कोर्टाचा निकाल तर प्रत्येक घरात माहीत पाहिजे. धरणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. धरल्याचा कागद तिथंच झाला पाहिजे, वेळ अन् तारीख टाकून, अन् त्यावर घरच्या किंवा गावातल्या जबाबदार माणसाची सही पाहिजे. कुठं नेलं ते घरी कळवलं पाहिजे. कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरनं तपासलं पाहिजे. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं हे तर घटनेतच आहे. या गुन्ह्यांत साठ दिवसांत चार्जशीट आली नाही तर जामीन मागायचा हक्क तयार होतो, पण तो मागावा लागतो, आपोआप कुणी देत नाही. शिक्षा झालीच तर कच्चे काढलेले दिवस त्यातून वजा होतात. अन् आदिवासी माणसाला, बाईला, अन् कोठडीत असलेल्या कुणालाही सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्याचा कायदा १९८७ चा, १९९५ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कुणी परत पाठवलं तर सांगा, आदिवासीला या कायद्यात उत्पन्नाची अट नाही.

तो सुटून आला तेव्हा काय झालं, हे लिहिताना मात्र स्टेन्सिलवरचा हात थांबला होता.

त्याच्या वावराच्या वरच्या अंगाला फॉरेष्टनं चर खोदला होता. पीक उभं नाही, म्हणजे जोत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते ठीक, त्यांच्याशी आपण लढतो आहोत. ३१ मार्च १९७८ पूर्वीची जबरानजोत कायम करायचा सरकारचा निर्णय होता. त्याच्या बापाच्या नावाच्या, त्याआधीच्या, दंडाच्या दोन पावत्या पत्र्याच्या डब्यात निघाल्या. ज्या दंडानं बाप तेव्हा रडला असेल तीच पावती आज वावराचा पुरावा आहे. चराचं भांडण आम्ही लढू.

पण खालच्या अंगाला, धुऱ्याच्या अलीकडं, दोन तास तूर उभी होती. ती शेजाऱ्यानं पेरलेली. आपल्याच माणसानं, संघटनेची पावती फाडणाऱ्यानं. त्यानं विचारलं तर उत्तर आलं, "तू येशीन का नाही काय माहीत. पडीत ठेवली असती तं फॉरेष्टनं सारीच घेतली असती." त्यात खरंही आहे. मग तूर झाल्यावर अर्धी त्याच्या बायकोच्या दारी टाकायला काय हरकत होती? अन् त्याच आठवड्यात पंचांनी त्याला बोलावून सांगितलं की जेलचं खाऊन आला आहेस, जातीत घ्यायचं जेवण द्यावं लागेल. बकरी तर वकिलाच्या दलालानं खाल्लेली. जेवण कशाचं देणार?

आम्ही पंचांशी बोललो. रीत जुनी आहे, मान्य. गावाबाहेर परक्याच्या हातचं खाऊन आलेल्याला पुन्हा पंगतीत घ्यायची ती रीत. पण पंगतीत घ्यायचं तर गावानं त्याला जेवू घालावं. ज्यानं सात महिने घालवले त्याच्याकडूनच जेवण मागायचं म्हणजे गावानं त्याला दुसरी शिक्षा करणं झालं. जेलानं तरी त्याच्याकडं पैसे मागितले नव्हते. दोन पंचांना हे पटलं, तिसऱ्यांना अजून नाही. बोलणं चालू आहे.

म्हणून संघटनेनं काही गोष्टी ठरवल्या आहेत. गावागावात एक वही ठेवायची. धरलं कुणाला, कधी, कोणत्या कलमात, जेल कोणतं, पुढची तारीख कोणती, जामीन मंजूर झाला का, किती रकमेचा. वही शक्यतो बचतगटाच्या बाईकडं राहील, कारण माणूस आत गेला की धावते ती बाईच. आत गेलेल्याचं वावर गावानं सारवडीनं वखरायचं, पेरायचं, डवरायचं. बियाणाचा खर्च काढून पीक त्याच्या घरी. म्हणजे जोतही तुटत नाही अन् चूलही विझत नाही. ज्यांच्या नावावर सातबारा आहे अशांची वेगळी यादी करतो आहोत, आतापर्यंत अकरा नावं आली. जामीन राहिलं म्हणजे जमीन गेली, अशी भीती पुष्कळांना आहे. तसं नाही. आरोपी तारखेला येत राहिला तर जामीनदाराचा पैसाही जात नाही. तो फिरला तर मुचलक्याची रक्कम मागतात, म्हणून त्याला तारखेला आणायची जबाबदारी गावाची. दारूचा धंदा करणाऱ्याला अन् बाईवर हात टाकणाऱ्याला ही यादी लागू नाही.

फर्लोच्या वेळी पोलीस गावात अहवालाला येतात, घरच्याला जामीन राहावं लागतं. तेव्हा पोलीस पाटलानं अन् सरपंचानं घाबरून किंवा जुन्या भांडणापायी "गावाची हरकत आहे" असं लिहून देऊ नये. खरंच हरकत असेल तर ग्रामसभेत बोला, ज्याच्यावर अन्याय झाला त्या घराला विचारा, मग लिहा.

सरकारकडं आपली मागणी साधी आहे. वनग्रामातल्या अन् जबरानजोतवाल्या आरोपीला सातबाऱ्याची अट घालू नये, ग्रामसभेच्या ओळखीवर त्याच्याच मुचलक्यावर सोडावं. ज्यांचा जामीन मंजूर होऊन महिना झाला अन् तरी जे आतच आहेत त्यांची यादी जेलनं दर महिन्याला जिल्हा न्यायाधीशांकडं द्यावी. कच्च्या कैद्याला काम मागता येतं हे मराठीतच नव्हे, गोंडी-कोलामीतही बराकीत सांगावं, अन् नव्या मजुरीचा दर फळ्यावर लिहावा. जेलच्या अभ्यागतांत आदिवासी गावातली एक बाई अन् एक माणूस घ्यावा, अन् तक्रार ऐकताना जेलचा साहेब बाजूला नसावा. निवेदन तयार आहे, अंगठे अन् सह्या पाहिजेत.

आपल्या भावाची केस अजून उभी आहे. येत्या महिन्यात तारीख आहे, बैठकीत सांगू. त्यानं स्वतःहून सांगितलं आहे की वहीचं काम त्याच्या गावात तो पाहील, लिहिता येत नाही तर मुलीकडून लिहून घेईल. तुरीचं बोलणं दोघा शेजाऱ्यांत झालं, दीड पायली तूर परवा त्याच्या घरी आली. चर बुजवायला पुढच्या बुधवारी सकाळी सगळ्यांनी कुदळ-फावडं घेऊन यावं. दंडाच्या जुन्या पावत्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी त्याही आणाव्या, झेरॉक्स संघटना काढून देईल.